जबाबदारीची हद्द

(शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर मुंबई उपनगरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सत्तास्थानी असलेल्या व्यक्तींची व संस्थांची नीतिमत्ता आणि त्यांचे उत्तरदायित्व, असा विषय आपण मला नेमून दिला आहे. या विषयावर बोलावयाचे म्हणजे लाचलुचपतीवर बोलावयाचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. लाचलुचपत हा गंभीर रोग आहे यात शंका नाही. परंतु त्यासाठी कायदा आहे, स्वतंत्र खाते आहे, न्यायालये आहेत. आणि मुख्य म्हणजे लाच घेणाऱ्याला आपण अनुचित कृत्य करीत आहोत याची मनातून पुरती जाणीव असते. मला आज ज्या दोषाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे, त्यात ही जाणीवच नसते. प्रत्येक कार्यालयाजवळ आपल्या निर्दोषपणाचा कागद असतो, प्रत्येक पत्रावर जावक क्रमांक पडलेला असतो, आणि तरीही माणसे मरतात. अशा वेळी जबाबदारी कोठे असते? बहुधा ती दोन कार्यालयांच्या हद्दीवर बेवारस पडलेली असते.

आपण ज्या उपनगरात आज जमलो आहोत, तेथूनच उदाहरणे घेऊ.

१३ मे २०२४ रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास धुळीचे वादळ आले आणि घाटकोपरच्या छेडानगर भागात, पूर्व द्रुतगती महामार्गालगत उभा असलेला एक अवाढव्य जाहिरात फलक शेजारच्या पेट्रोल पंपावर कोसळला. वादळापासून आडोसा म्हणून आणि पेट्रोल भरण्यासाठी थांबलेली माणसे त्याखाली सापडली. सतरा जण प्राणास मुकले, सत्तरांहून अधिक जखमी झाले. खाली पेट्रोलचा साठा असल्यामुळे लोखंड कापण्यासाठी गॅस कटर वापरणेही धोक्याचे होते, आणि मदतकार्य अडीच दिवसांहून अधिक काळ चालले. महापालिकेच्या नियमानुसार फलकाची कमाल मर्यादा चाळीस फूट लांबी व चाळीस फूट उंची अशी आहे. कोसळलेला फलक सुमारे एकशे वीस फूट लांब आणि तितकाच उंच होता. क्षेत्रफळाचा हिशेब करा, मर्यादेच्या नऊपट. हा फलक कोणाच्या नजरेस पडला नाही असे कोणीही म्हणू शकणार नाही. नजरेस पडावा यासाठीच तो उभारला होता, आणि त्याच्या आकाराची नोंद ‘लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्स’मध्येही झाली होती. जे कृत्य नियमाच्या पुस्तकात अपराध होते, ते दुसऱ्या एका पुस्तकात विक्रम म्हणून मिरवीत होते.

मग तो उभा कसा राहिला? जागा राज्य शासनाची. ताबा लोहमार्ग पोलिसांकडे. परवानगी लोहमार्ग पोलिसांकडून मिळालेली. महापालिकेचे म्हणणे असे, की आमची परवानगी घेतलेलीच नाही, त्यामुळे हा फलक अनधिकृत आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की जागा रेल्वेशी निगडित असल्यामुळे महापालिकेच्या परवानगीची आवश्यकताच नाही. येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. लोहमार्ग पोलीस हे नावावरून रेल्वेचे वाटत असले तरी ते राज्य शासनाच्या गृह विभागाचे अंग आहे. म्हणजे वाद केंद्र आणि राज्य यांच्यामधला मुळातच नव्हता. तो एकाच राज्यातील एक पोलीस दल आणि एक महापालिका यांच्यामधला होता. त्या दोघांच्या वरिष्ठांनी एका टेबलाशी बसून तासाभरात निकाल लावावा, एवढाच तो प्रश्न होता. तसे घडले नाही. मजकुरांवर मजकूर लिहिले गेले आणि फलक जागच्या जागी राहिला. आणि दुर्घटनेनंतर काय झाले? त्याच जागेवर त्याच धर्तीचे आणखी तीन फलक उभे होते. ते उतरविण्याची नोटीस त्याच दिवशी निघाली. सतरा मृत्यूंनी हद्दीचा प्रश्न काही तासांत सोडविला. जो अधिकार त्या सायंकाळी सापडला, तो त्या दिवशी सकाळीही अस्तित्वात होताच.

पुढे तत्कालीन लोहमार्ग पोलीस आयुक्तांना जून २०२४ मध्ये निलंबित करण्यात आले आणि शासनाने अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. या प्रकरणात पैशाचा गैरव्यवहार झाला किंवा कसे, याचा निर्णय तपास यंत्रणांनी व न्यायालयांनी करावयाचा आहे, आणि त्यावर मी भाष्य करणार नाही. परंतु गैरव्यवहार सिद्ध झाला तरी तो काही थोड्या व्यक्तींचा ठरेल. त्या महामार्गावरून प्रतिदिनी जाणारे, तो फलक पाहणारे, तो बेकायदेशीर आहे हे नियमावलीवरून जाणणारे अधिकारी कितीतरी अधिक असतील. त्यांनी एक पैसाही घेतला नव्हता. ‘तो आमच्याकडे येत नाही,’ एवढेच त्यांचे म्हणणे असणार.

आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. मुंबई महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती व प्रशासकाची राजवट सुरू होती. पुढील निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. म्हणजे फलक कोसळला तेव्हा त्या प्रभागात नगरसेवक नव्हता. नगरसेवक असता तर दुर्घटना टळली असती असे विधान मी करणार नाही. नगरसेवक असतानाही इमारती पडल्या आहेत, आणि याच घाटकोपरमध्ये २५ जुलै २०१७ रोजी ‘सिद्धी साई’ ही चार मजली इमारत कोसळून सतरा जणांचा बळी गेला होता. तरीही भर सभेत उभे राहून ‘हा फलक कोणाचा?’ असे नाव घेऊन विचारू शकणारी एक व्यक्ती त्या काळात कमी होती. पंचायत सदस्यांनी आपल्या पदाचे मोल यावरून ओळखावे. विकासकामांच्या मंजुऱ्या आणणे हे लोकप्रतिनिधीचे अर्धे काम; असा प्रश्न विचारणे हे उरलेले अर्धे.

आता घाटकोपरहून पश्चिमेकडे, अंधेरीला येऊ. अंधेरी पूर्व व पश्चिम यांना जोडणारा रेल्वेमार्गावरील गोखले पूल १९७५ च्या सुमारास बांधलेला. ३ जुलै २०१८ रोजी सकाळी, मुसळधार पावसात, या पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. एका मोटरमनने प्रसंगावधान राखून वेळीच ब्रेक लावले म्हणून गाडी अलीकडे थांबली आणि मोठा अनर्थ टळला. तरीही जखमींपैकी दोघे पुढे दगावले. ढिगारा उपसला जात असतानाच वादाला तोंड फुटले : पूल कोणाचा? रेल्वेने महापालिकेकडे बोट दाखविले, महापालिकेने रेल्वेकडे. देखभालीचा निधी आम्ही दिला होता, असे एकीचे म्हणणे. जोडरस्ता व पादचारी भाग तुमचा, असे दुसरीचे. चौकशीत गंजलेले लोखंड आणि पादचारी भागावर वर्षानुवर्षे चढत गेलेले ओझे, म्हणजे केबली, फरशा व वाळू, या बाबी पुढे आल्या. हे ओझे एका दिवसात कोणी आणून टाकलेले नाही. एका खात्याने केबल टाकण्यास मुभा दिली, दुसऱ्याने फरशी बसविली, तिसऱ्याने ती दुरुस्त केली. आणि प्रत्येकाने आपले काम नियमाप्रमाणे पूर्ण केले. बेरीज करण्याचे काम मात्र कोणाकडेच नव्हते.

यानंतर तरी धडा घेतला गेला असेल असे आपल्याला वाटेल. पुलांची संयुक्त तपासणी झाली, ही गोष्ट खरी. नोव्हेंबर २०२२ मध्ये गोखले पूल वाहतुकीस बंद करण्यात आला आणि नव्याने बांधण्यात आला. रुळांवरील उंचीविषयी रेल्वेचे निकष बदलले होते, त्यामुळे नवा पूल जुन्यापेक्षा उंच झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू खुली झाली, तेव्हा शेजारचा सी. डी. बर्फीवाला उड्डाणपूल आणि हा पूल यांच्या पातळीत माणसाच्या उंचीएवढे अंतर पडले होते. पूल रेल्वेच्या निकषांत बसला, महापालिकेच्या कंत्राटात बसला. शेजारच्या पुलाशी मात्र जुळला नाही. मुंबईकरांनी याची यथेच्छ थट्टा केली आणि ती रास्तच होती. पुढे व्हीजेटीआय संस्थेच्या मार्गदर्शनाखाली बर्फीवाला पूल एका बाजूने सुमारे १.४ मीटर व दुसऱ्या बाजूने सुमारे ०.६५ मीटर उचलून तो जुलै २०२४ मध्ये जोडण्यात आला. गोखले पूल पूर्णतः खुला होण्यास मे २०२५ उजाडले. अंधेरीच्या रहिवाशांनी, शाळकरी मुलांनी, रुग्णवाहिकांनी अडीच वर्षे वळसा घातला. मात्र एक गोष्ट नोंदवावी अशी आहे : ज्या दिवशी दोन्ही पुलांचे अभियंते व संस्थेचे तज्ज्ञ एका आराखड्यावर एकत्र आले, त्यानंतर काम काही महिन्यांत मार्गी लागले. हद्द ओलांडणे तांत्रिकदृष्ट्या कधीच अशक्य नव्हते.

हे उपनगरातच वारंवार का घडते, याचे कारण येथील जमिनीच्या मालकीत आहे. मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १९९० मध्ये झाला. येथे जिल्हाधिकारी आहेत, महापालिका आहे, म्हाडा आहे, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आहे, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. रेल्वे दोन, विमानतळ एक. बोरिवलीस राष्ट्रीय उद्यान म्हणून वन विभाग, गोरेगावला आरे वसाहत म्हणून दुग्धविकास विभाग, आणि कांजूर-मुलुंडच्या मिठागरांमुळे थेट केंद्र शासनाचे मीठ आयुक्त. कांजूरमार्गच्या जागेवर मेट्रोची कारशेड व्हावी किंवा कसे, या वादात जागा नेमकी राज्याची की मीठ आयुक्तांची हा प्रश्न उभा राहिला, आणि डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशास स्थगिती दिली. अशा प्रदेशात सामान्य नागरिकाने गटाराचे झाकण उघडे असल्याची तक्रार नेमकी कोणाकडे करावी? पूर्व व पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ च्या अखेरीस महापालिकेकडे सोपविले गेले, त्यापूर्वी ते दुसऱ्या प्राधिकरणाकडे होते. पण खड्ड्यात पडणाऱ्या दुचाकीस्वाराला हे हस्तांतरण ठाऊक असावे, अशी अपेक्षा आपण ठेवणार आहोत काय?

न्यायालयाने याचे उत्तर दिले आहे. खड्ड्यांविषयीचे जनहित प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात २०१३ मध्ये सुरू झाले. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुख्य न्यायमूर्तींना लिहिलेल्या पत्रावरून न्यायालयाने ते स्वतःहून दाखल करून घेतले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने आदेश दिला, की खड्डा किंवा उघडे मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये, आणि इजा झाल्यास तिच्या गांभीर्यानुसार पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी, आणि ही रक्कम पुढे जबाबदार असलेल्यांकडून वसूल करावी. मला या आदेशातील रकमेपेक्षा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी पीडिताला भरपाई. कोणाची हद्द, हा वाद नंतर आपापसांत. आजवर हा क्रम उलटा होता.

कायद्यात हा विचार अगदीच नवा आहे असेही नाही. महाराष्ट्रात लोकायुक्तांचा कायदा १९७१ मध्ये झाला आणि १९७२ पासून ही संस्था येथे कार्यरत आहे. याबाबतीत आपले राज्य देशात अग्रेसर ठरले. माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा २००५ मध्ये आला, त्यापूर्वीच महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला होता. केंद्रीय कायद्याच्या कलम ६(३) कडे मी आपले मुद्दाम लक्ष वेधतो. अर्ज चुकीच्या कार्यालयात आला, तर तो परत करावयाचा नाही. योग्य कार्यालयाकडे पाच दिवसांच्या आत पाठवावयाचा आणि अर्जदाराला तसे कळवावयाचे. नागरिकाने हद्दी शोधत फिरू नये, शासनाने आपल्या हद्दी आपणच जाणाव्यात, हे तत्त्व या छोट्याशा कलमात आहे. हे तत्त्व केवळ माहितीच्या अर्जापुरते का ठेवावे? रस्त्याची तक्रार, पुलाची तक्रार, शाळेच्या गळक्या छपराची तक्रार, यांनाही ते का लावू नये? याच कायद्याने दंडही व्यक्तीवर बसविला आहे : विलंबाच्या प्रत्येक दिवसास अडीचशे रुपये, कमाल पंचवीस हजार, आणि तो त्या अधिकाऱ्याच्या पदरचा. कार्यालयावर बसविलेला दंड करदात्याच्या खिशातून जातो, हे आपण सर्व जाणतोच.

बदल्यांचे विनियमन व शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम अधिकारी मित्रांना परिचित आहे. निदान त्यातील बदल्यांचा भाग तरी पाठ आहे. विलंबाचे कलम कमी वाचले जाते. कोणतीही नस्ती सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ एका टेबलावर राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवावयाची गरज नसेल तर पंचेचाळीस दिवसांत, आणि गरज असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असे ते कलम सांगते. म्हणजे दोन खात्यांची हद्द ओलांडण्यासही कायद्याने मुदत घातली आहे. ती संपल्यावर ‘दुसऱ्या खात्याचे उत्तर आले नाही’ हे स्पष्टीकरण पुरेसे राहत नाही.

परदेशातही या दोषाने बळी घेतले आहेत. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला १४ जून २०१७ रोजी आग लागून बहात्तर जण मरण पावले. चौकशी सात वर्षे चालली, अंतिम अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला. वास्तुविशारद, कंत्राटदार, उत्पादक, स्थानिक संस्था, शासन, या सर्वांनी चौकशीत एकमेकांकडे बोटे दाखविली, आणि अहवालाने त्यांपैकी कोणालाही सोडले नाही. सधन देश, कडक नियम, तरीही हाच प्रकार. तेव्हा आपल्याकडील साधनांची कमतरता हे एकमेव कारण मानून समाधान करून घेण्यात अर्थ नाही.

अंधेरीच्या पुलाला ज्यांचे नाव आहे, त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे चरित्र शिक्षकांनी मुलांना या निमित्ताने जरूर सांगावे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगचा कहर असताना गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथे प्लेगच्या कामावरील सैनिकांच्या वर्तनाविषयी गंभीर आरोप केले. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला. माहिती देणारे कोणी पुढे येईनात, आणि त्यांची नावे उघड करणे गोखल्यांना प्रशस्त वाटेना. तेव्हा त्यांनी जाहीर व बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना भेकड म्हटले. सार्वजनिक जीवन संपले असे त्यांना स्वतःलाही वाटले असावे. माफी मागावयास हवी होती किंवा नाही यावर आजही मतभेद होऊ शकतो, आणि पुण्यातील लोकांना झालेला जाच खोटा नव्हता असे मानणारा मीही आहे. परंतु एक गोष्ट पाहा. ‘माझ्या मित्रांनी मला कळविले, दोष त्यांचा’ असे म्हणण्याची मोकळी वाट त्यांच्यापुढे होती. ती त्यांनी धरली नाही. आपल्या तोंडून निघालेल्या शब्दाची जबाबदारी त्यांनी दुसऱ्याच्या हद्दीत ढकलली नाही.

याहून जुना दाखला हवा असेल तर चिपळूण परिसरातील छावणीच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत गेलेले प्रसिद्ध पत्र काढून वाचावे. त्यात दाणावैरण जपून वापरण्याची ताकीद आहे, रयतेला उपद्रव होऊ नये अशी सक्त आज्ञा आहे; आणि रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल व गवताच्या गंजी जळतील, इतका बारीक इशाराही आहे. उंदराने वात नेली तर दोष उंदराचा, असे ते पत्र म्हणत नाही. दिवा विझवून झोपणे हे माणसाचे काम.

आता ग्रामीण भागाकडे. आपल्या गावांतही हद्दी कमी नाहीत. एक रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, त्याला येऊन मिळणारा जिल्हा परिषदेचा. पाझर तलाव एका खात्याचा, त्याची वाट दुसऱ्याची. शाळेची खोली जिल्हा परिषदेची, अंगणवाडी दुसऱ्या विभागाची, आणि दोहोंच्या मधली भिंत कोणाचीच नाही. १५ जून २०२५ रोजी मावळ तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला आणि चार जण गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे लावलेला होता. फलक लावणे आवश्यकच होते. परंतु रविवारी तेथे शेकडो माणसे येतात हे ठाऊक असताना फलकावर थांबणे म्हणजे जावक क्रमांकावर थांबणेच होय.

म्हणून एक सूचना करतो. तिला खर्च नाही, कोणाची मंजुरीही नको. प्रत्येक ग्रामपंचायतीने एक नोंदवही करावी. गावाच्या शिवारात असलेले प्रत्येक साकव, पूल, पाण्याची टाकी, शाळाखोली, विजेचा खांब, विहीर आणि जाहिरात फलक तिच्यात उतरवावा. समोर तीन रकाने : मालकी कोणत्या कार्यालयाची, देखभाल कोणत्या पदावरील अधिकाऱ्याची, आणि शेवटची पाहणी कोणत्या तारखेस झाली. पदाचे नाव लिहावे, व्यक्तीचे नको. माणसे बदलून जातात. ही वही ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. ज्या ओळीतील रकाना रिकामा राहील, तेथे आपल्या गावातील पुढचा अपघात वाट पाहत आहे असे समजावे, आणि तो रकाना भरून मिळावा म्हणून गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठपुरावा करावा. दोन खाती त्या ओळीवर दावा करीत असतील तर दोघांची नावे लिहावीत. कोणीच करीत नसेल तर निर्णय होईपर्यंत ग्रामपंचायतीचे नाव लिहावे. शिक्षकांनी पहिली यादी करण्यात मदत करावी. सातवी-आठवीच्या मुलांना एका शनिवारी हे काम दिले तर ती एकही साकव सोडणार नाहीत.

अधिकारी मित्रांनी असेच एक पान आपल्या टेबलावर ठेवावे : माझ्याकडून दुसऱ्या कार्यालयाकडे गेलेली आणि उत्तर न आलेली पत्रे, ज्यांच्या विषयात माणसाच्या जिवाला धोका आहे. ती यादी आठवड्यातून एकदा वाचून तिच्यातील पहिल्या पत्रासाठी दूरध्वनी करावा, आणि उत्तर न मिळाल्यास स्वतः उठून त्या कार्यालयात जावे. घाटकोपर आणि अंधेरी येथे संबंधित कार्यालये एकमेकांपासून फार दूर नव्हती.

प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. नोंदवहीच्या रकान्यांविषयी काही शंका असतील तर त्या प्रथम घेऊ.